“आमच्यासारख्याच्या घरी लेकराचं मन धड कसं राहीन?”

“ताई, पोट्टा बोलतच नाही. रातभर मोबाईल पाहाते, सकाळी तोंड उतरलेलं. अंगावर कर्ज, कापसाले भाव नाही. आमच्यासारख्याच्या घरी लेकराचं मन धड कसं राहीन?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी असलेल्या मैत्री क्लिनिकमध्ये मी समुपदेशन करते. हा प्रश्न कितीतरी आया विचारतात. इथे एका घरची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा अकरावी सायन्सला. आई शेजारी होती तोवर नखं खात बसला होता. तिला जरा बाहेर थांबायला सांगितलं. मोबाईलचा विषय मी काढलाच नाही. विचारलं, “झोप कधी लागते तुला?”

“बाबा वावरातून आले का मंग.”

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस होते. शेतीची लाईन पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली की बाप बॅटरी आणि काठी घेऊन मोटर सुरू करायला निघायचा. साप, रानडुकरं, ओल्या हाताने स्टार्टरला हात लागला तर बसणारा शॉक, हे सगळं मुलाच्या डोळ्यांपुढे यायचं. फाटकाची कडी वाजेपर्यंत तो टक्क जागा, आणि वेळ जावा म्हणून हातात मोबाईल. कर्जाचं बोलणंही त्याने अशाच रात्री भिंतीपलीकडून अर्धंमुर्धं ऐकलेलं. वावर जाणार, अशी त्याची समजूत झाली होती. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. त्याला ५ तासही मिळत नव्हती.

मरणाचे विचार येतात का, हेही मी सरळ विचारलं. विचारल्याने ते मनात भरतात, अशी भीती पालकांना वाटते. तसं होत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. काळजी मात्र होती, आणि आपण घरात काहीच कामाचे नाही ही बोच होती. कारण बाप प्रेमापोटीच म्हणत आलेला, “तू फक्त अभ्यास कर, बाकीचं पाहू नको.”

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा पाठपुरावा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी ती चाळिशीची होईपर्यंत केला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार असं बरंच काही एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे आपल्या पायावर उभी राहिलेली, माणसांत रमणारी निघाली. त्यांच्याबाबतीत दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक तरी मायेचं, भरवशाचं मोठं माणूस त्यांना होतं, मग ती आजी असो की शिक्षक. आणि घराला खरोखर लागेल असं काही काम त्यांच्याकडे होतं. त्या आईला मी हेच सांगितलं. पोराचं मन सावरायला कर्ज फिटायची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या वेळी बापही आला. “म्या त्याले काहीच सांगतलं नाही, उगीच टेन्शन कायले?” मुलगा खाली मान घालून म्हणाला, “मले सगळं ऐकू येते, बाबा.” बाप बराच वेळ बोलला नाही. मग तिथेच त्याने कर्जाचा आकडा सांगितला. तो मुलाने मनात धरला होता त्यापेक्षा कमी होता. बी-बियाणं, खत, मजुरी यांच्या हिशेबाची वही मुलाकडे द्यायची ठरलं. मोटर सुरू झाली की बापाने घरी फोन करायचा आणि मग मुलाने झोपायचं. संध्याकाळी तासभर व्हॉलीबॉल, हेही त्यात आलं.

मुलींना मात्र हे जसंच्या तसं लावू नका. याच घरात नववीतली बहीण शाळेआधी पाणी भरते, भाकरी टाकते, सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला जाते. तिला आणखी काम नको. तिला खेळायला, मैत्रिणींकडे जायला वेळ हवा आणि घरात तिचं मत कोणी विचारायला हवं. भाकरीचं काम भावाने वाटून घ्यावं, हे मी तिघांसमोर बोलले. आई हसली, पण नाही म्हणाली नाही.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मुलगा किंवा मुलगी उदास असेल, जेवण सुटलं असेल, आवडीच्या गोष्टींतही जीव लागत नसेल, तर घरच्या घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नका आणि लेकराला एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर २४ तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

आता रात्रपाळीच्या लाईनीतही मुलाला बऱ्यापैकी झोप लागते. मार्क अजून वाढले नाहीत आणि आईला त्याचा घोर आहे. पुढच्या महिन्यात त्यावर बोलणार आहोत, कॉलेजच्या सरांनाही बोलावून.