फी माफ झाली, तरी पोरं कॉलेज का सोडतात?

प्रश्न : ताई, आमच्या गावातल्या मुली बारावी होतात, शहरात ॲडमिशनपण घेतात, आणि पहिल्या वर्षातच बऱ्याच जणी सामान घेऊन घरी येतात. सरकारने मुलींची फी माफ केलीय ना, मग अडतं कुठं? आमचा बचत गट यात काही करू शकतो का? – एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : करू शकतो, आणि तुमच्या गटासारख्यांनीच करावं असं मला मनापासून वाटतं.

आधी फीचं बघू. 8 जुलै 2024 च्या जीआरने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा समाजासाठीचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, पण ती व्यावसायिक कोर्सला, आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून असेल तरच. खोलीभाडं, मेस, जाणं-येणं यातलं काही त्यात नाही, आणि पोरगी घरी येते ती बहुतेक या खर्चापायी. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईत वर्षाला 60 हजारांपर्यंत मिळतात, पण गावात किती जणांना ते माहीत असतं?

दुसरं म्हणजे महाडीबीटी, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म भरायची वेबसाइट. फॉर्म दरवर्षी रिन्यू करावा लागतो, आणि कॉलेजच्या लॉगिनवरून तो परत आलेला असतो, का तर उत्पन्नाचा दाखला जुना, मेसेज गेलेला असतो वडिलांच्या नंबरवर ज्याचा रिचार्ज संपलाय, आणि पैसे येतात आधारला लिंक असलेल्या खात्यात, जे घरात कुणाला आठवतच नाही. एवढ्याशा गोष्टीवरून वर्ष जातं हो, फार वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने नेमकं इथंच हात घातला. 2025 पर्यंत 55 टक्के लोकांकडे पदवी किंवा सर्टिफिकेट असावं असं त्यांनी ठरवलं, 2015 च्या बॅचपासून कम्युनिटी कॉलेजची (तिथली दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) फी माफ केली, आणि मुलांना स्थानिक व्हॉलंटिअर जोडून दिले जे फॉर्मच्या तारखांची आठवण करत राहतात. मुलांनी बदल्यात दर सेमिस्टरला 8 तास समाजसेवा करायची. याची सुरुवात 2008 मध्ये नॉक्सव्हिल शहर जिथं आहे त्या नॉक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) झाली होती, राज्य नंतर आलं. आपल्याकडेही कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी 1947 ला साताऱ्यात कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका'च्या जोरावरच, आणि पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती 1955 पासून गावाकडच्या मुलांना राहायला जागा देतेय.

तर तुम्ही असं करा. बारावीचा निकाल लागला की सेतूवाल्याला एक दिवस ग्रामपंचायतीत बसवा, सगळ्यांचे दाखले एकदमच निघू देत. गावातली जी मुलगी पदवीपर्यंत गेलीय तिच्याकडे चार-पाच जणी सोपवा, तिने दिवाळीपर्यंत दर आठवड्याला फोन करायचा, जेवण नीट मिळतं का, फॉर्म कुठं अडकलाय एवढं विचारायचं. कॉलेजात स्कॉलरशिपचं काम बघणाऱ्या क्लार्कचा नंबर गटाच्या वहीत हवाच. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले तर ते परत देता येतात हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून लग्नाची बोलणी सुरू होतात. आणि गटातून कर्ज द्यायचंच असेल तर ते खोलीच्या डिपॉझिटला आणि मेसच्या पहिल्या महिन्याला द्या, स्कॉलरशिप जमा झाली की फेडून घ्या.