एचेबेरिया आणि झेवियर यांचं मूळ एक आहे का?

प्रश्न असा आहे: एचेबेरिया (वर्तमानपत्री रूप एचेव्हेरिया) आणि झेवियर ही एकाच मुळाची आडनावं आहेत का, आणि असतील तर गोव्यातले झेवियर स्पॅनिश वंशाचे म्हणायचे का? पहिल्याचं उत्तर होय, दुसऱ्याचं नाही.

एचेबेरिया या नावाला स्पॅनिश म्हणतात ते देशामुळे. शब्द स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क भाषेतला आहे. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं आणि शेवटचा 'आ' हा बास्कमध्ये नामाच्या मागे लागणारं उपपद. आपल्याकडच्या नवघरे आडनावासारखाच हा प्रकार. फर्नांडेझ म्हणजे फर्नांडोचा मुलगा, तिथे बापाचं नाव येतं. बास्क मुलखात मात्र माणूस घराच्या नावाने ओळखला जाई. नवं घर कुठल्याही गावात बांधलं जातं, त्यामुळे दोन एचेबेरिया एकमेकांचे नातेवाईक असतीलच असं नाही. वंशावळी विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

उत्तर स्पेनमधल्या नवार प्रांतातल्या एका गढीला हेच नाव होतं. तिथल्या लॅटिनपासून आलेल्या रोमान्स बोलीत सुरुवातीचा 'ए' गळला, 'बेरी'तल्या 'ए'चा 'इए' झाला आणि शाबिएर्र हे रूप तयार झालं. शेजारच्या आरागॉनमध्ये हाच बदल झालेली खाबिएर्रे नावाची गावं आजही आहेत. त्या गढीत 1506 साली फ्रान्सिस्कोचा, म्हणजे पुढच्या संत फ्रान्सिस झेवियरचा, जन्म झाला. वडील जास्सो, आई अस्पिलिकुएता. झेवियर हे त्याच्या गावाचं नाव. 1542 मध्ये तो गोव्यात उतरला तेव्हा स्पॅनिशमध्ये 'एक्स' या अक्षराचा उच्चार 'श' होता. पुढे स्पॅनिशमध्ये त्याचा 'ख' झाला, 1815 च्या शुद्धलेखनाने ते अक्षर बदलून 'जे' केलं. पोर्तुगीजने 'श' सांभाळला, म्हणून तिथे शाव्येर. आपला 'झ' इंग्रजीतून आलेला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमुळे तो पक्का झाला. मराठीत झेवियरच लिहावं, पण आजच्या स्पॅनिश माणसाचं नाव असेल तर खाविएर.

गोव्यात हे नाव संताच्या भक्तीतून आलं आणि पोर्तुगीज नामपद्धतीने टिकलं. रक्ताचा संबंध त्यावरून काढता येत नाही.

मूळ रूप आज गिपुस्कोआ, बिस्काया आणि नवारमध्ये घट्ट आहे. फ्रान्सच्या बाजूला एचेवेरी होतं. बास्क लोक स्थलांतर करून गेले तिथे तिथे ते पोचलं: चिली, अर्जेंटिना (कवी एस्तेबान एचेवेरिया), मेक्सिको. कोलंबियातल्या अँटिओकियात एचेवेरी आणि एचावार्रिया शेजारीशेजारी भेटतात, तर कोस्टा रिकात 'ए' गळालेलं चावार्रिया आहे. हुकूमशहा फ्रँकोनंतर स्पेनमधल्या अनेकांनी आडनावाचं बास्क लेखन पुन्हा स्वीकारलं, म्हणून एकाच कुटुंबात दोन स्पेलिंगं दिसू शकतात.

जुन्या नोंदी शोधताना 'ब' आणि 'व्ह' एकच धरावेत (स्पॅनिश उच्चारात फरक नाहीच), मधला 'ए' किंवा 'आ' दोन्ही तपासावेत आणि सुरुवातीच्या 'ए'शिवायही पाहावं. आणखी एक गफलत नेहमी होते. मेक्सिकोचे 1970 ते 1976 मधले अध्यक्ष लुईस एचेवेरिया आल्वारेझ. यातलं आल्वारेझ आईकडचं, त्यामुळे उल्लेख 'एचेवेरिया' असाच करायचा, 'आल्वारेझ' नव्हे.