खादाडपणाचे जपानी शब्द

शब्दकोशात 'खादाड' शोधलंत की चार-पाच शब्द एकदम समोर येतील. ते एकमेकांच्या जागी वापरू नका. आधी 'कुइशिम्बोऽ' पक्का करा. त्यात लाड आहे, म्हणून स्वतःबद्दल बिनधास्त म्हणा: 'वाताशी वा कुइशिम्बोऽ देस', म्हणजे 'मी खादाड आहे.' 'ओऽगुइ' म्हणजे नुसता भरपूर खाणारा. त्यात हाव असेलच असं नाही. 'कुइइजी गा हात्तेइरु' (खाण्याची फार हाव आहे) म्हटलं की मात्र टोमणा आला, आणि 'इजिकितानाइ' (हावरट) तर सरळ अपमानच. हा शब्द ऐकून ओळखा, बोलू नका. वरिष्ठांसमोर तर मुळीच नाही. बकाबका खाण्याला 'गात्सुगात्सु'. आणि पोट तुडुंब भरल्यावरही गोडाला जागा उरते ना, त्याला 'बेत्सुबारा' म्हणतात, म्हणजे वेगळं पोट. जेवणानंतर केक आला की हा नक्की वापरून बघा.