आय-सेव्हन म्हटलं की पिढी विचारा

प्रश्न: मुलीला यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. एक दुकानदार इंटेलच्या आय-सेव्हन ३७७० प्रोसेसरचा वापरलेला पीसी स्वस्तात देतोय. थोडे जास्त घातले तर नवा आय-थ्री १२१०० येतो. सात सोडून तीन का घ्यावा? मुलगी तर म्हणते, एआय शिकायचं तर आय-नाइनच हवा.
– एक पालक, मिरज

उत्तर: नमस्कार. आय-सेव्हन हे नुसतं आडनाव झालं. सोयरीक जुळवताना घराणं विचारतो, तशी इथे पिढी विचारायची, आणि ती नंबरातच असते. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. १२१०० म्हणजे बारावी, साल २०२२.

दोघांचेही कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चार, थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आठ. वेगाचा आकडा, म्हणजे गिगाहर्ट्झ, ३.४ आणि ३.३. कागदावर जुळी भावंडं! पण तेवढ्याच गिगाहर्ट्झला नवा कितीतरी जास्त काम उरकतो. प्रोग्रॅम कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत आणताना, ते लगेच कळतं. जुन्याच्या बोर्डावर रॅमही जुन्या प्रकारची, डीडीआर३. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चार वर्षांच्या शिक्षणाला हा पीसी नको.

आय-थ्री चालेल. हात थोडा सैल सोडता आला तर आय-फाइव्ह १२४०० किंवा एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी बघा. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. अँड्रॉइडचा एम्युलेटर, म्हणजे पीसीवरचा नकली फोन, चालवताना ते कामी येतात. मात्र शेवटचं अक्षर नीट वाचा. १२४००एफ स्वस्त दिसेल, पण ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. रायझनच्या या पिढीत उलटं: ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स, साध्या ५६०० ला नाही. गिऱ्हाइकाने गोंधळावं म्हणूनच ही नावं ठेवतात की काय, अशी मला शंका आहे.

आता आय-नाइन. १४९००के चे कोअर चोवीस, पण पूर्ण जोरावर तो २५३ वॅट ओढतो. म्हणजे कूलर, बोर्ड, पॉवर सप्लाय सगळंच भारी. आणि एआय मॉडेल ट्रेन करण्याचा मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, प्रोसेसरवर नाही. सुरुवातीला तिला सी, पायथन, डेटा स्ट्रक्चर्स पक्कं करायचंय. त्याला आय-थ्री पुरून उरतो. पुढे सरावाला गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर मर्यादित जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) फुकट मिळतो. हे तिला माझ्या नावावर सांगा, घरात वाद नको.

वाचलेल्या पैशांत १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि यूपीएस घ्या. सबमिशनच्या आदल्या रात्रीच लाइट जाते. रॅम आठ-आठच्या दोन स्टिकमध्ये घ्या, म्हणजे तिचा वेग वाढतो; ५६००जी घेतलात तर नक्कीच, कारण त्याचं ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतं. आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर अक्षरासकट लिहून घ्या. नुसतं ‘आय-फाइव्ह’ लिहिलेलं बिल घेऊ नका.