आधी मुलाचं रक्त

प्रश्न : आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, ठाण्याहून इस्राएलमधल्या अश्दोदला आलो त्याला पन्नास वर्षं झाली. नातीचं लग्न ठरलंय. मुलाचे आजी-आजोबा पोलंडचे. आता ती मंडळी म्हणतात, मेंदीच्या आधी दोघांची जनुकीय तपासणी करू. मला हे झोंबलं. आमच्या रक्तात खोट शोधतायत का? शिवाय माझी धाकटी बहीण ४२व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. ते बाहेर आलं आणि बोभाटा झाला तर?
– एक आजी, अश्दोद

उत्तर : आजी, झोंबणारच. लग्नाआधी आपल्या लोकांच्या पिढ्या तपासायचं रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, काढलं होतं, तेव्हा १९६४ साली माझे वडील जेरुसलेमला निदर्शनांत होते. पण ही तपासणी तुमचं ज्यूपण विचारत नाही. उलट इथे भीती त्यांच्या बाजूला जास्त.

मुलाकडचे अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या मुळाचे ज्यू. त्यांच्यात साधारण ३० जणांत १ टे-सॅक्स या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असतो, म्हणजे त्याचं सदोष जनुक बाळगून असतो. वाहक स्वतः ठणठणीत. दोघंही वाहक असले तर मात्र प्रत्येक खेपेला ४ त १ शक्यता की बाळ आजारी निघेल. हसतं-खेळतं बाळ सहाएक महिन्यांनी हळूहळू बसणं विसरतं, नजर जाते. बहुतेक मुलं शाळेचं तोंडही बघत नाहीत. १९७१ पासून तपासण्या सुरू झाल्या आणि अमेरिकेतल्या ज्यू घरांत हा आजार ९० टक्क्यांहून जास्त घटला.

म्हणून आधी मुलाचं रक्त जाऊ दे. तो वाहक नसेल तर टे-सॅक्सचा विषय तिथेच मिटला. असेल, तर नातीच्या रक्तातल्या एन्झाइमची पातळी मोजणारी तपासणी मागा. नुसती अश्केनाझींची ठरावीक म्युटेशन्स (जनुकातले बदल) बघून आपल्या मुलीबद्दल नीट कळत नाही. ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. मग पांढऱ्या पेशींवर चाचणी करतात. आपलं मूळ भारतातलं, तेव्हा थॅलसेमियासाठी दोघांचं हिमोग्लोबिनही बघून घ्या.

बोभाट्याची धास्ती हरेदी, म्हणजे कट्टर धार्मिक ज्यू घरांतही आहेच. म्हणून १९८३ मध्ये सुरू झालेली दोर येशोरीम ही संस्था नावाऐवजी नंबर देते. दोन नंबर कळवले की जोडी जुळते की नाही, एवढंच सांगतात.

बहिणीची गोष्ट वेगळी. लग्नाच्या या तपासणीत बीआरसीए, म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेली जनुकं, सहसा नसतंच, आणि ते लपवून नातीचं भलंही होत नाही. अश्केनाझींत ४० जणांत १ जण बीआरसीएचा दोष घेऊन असतो, पुरुषसुद्धा. त्यामुळे त्यांच्याही घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला का, हे मोकळेपणानं विचारा. ४२ हे वय लहान. बहीण आता नाही, म्हणजे तिच्या सगळ्यांत जवळच्या तुम्ही. इथे नातीचा नंबर तुमच्यानंतर, तुमच्या लेकीनंतर. कुपत खोलीममध्ये, म्हणजे आपल्या आरोग्य विमा संस्थेत, जनुकीय सल्लागाराची वेळ स्वतःच्या नावानं घ्या, आणि बहिणीचे जुने कागद कुणाच्या ट्रंकेत असतील तर घेऊन जा.