क्रेडिट कार्डाचे 60 हजार थकलेत, दर महिन्याला मिनिमम भरतोय. कार्ड बंद करू का?

कार्ड बंद करायचं नंतर बघू, आधी मिनिमम भरून गप्प बसणं थांबवा.

60,000 बाकीवर महिना 3.5 टक्के व्याज धरलं तर 2,100 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 378. मिनिमम 5 टक्के, म्हणजे 3,000 भरलेत, तर मुद्दलातून गेले फक्त 522. त्याच कार्डावर किराणा, पेट्रोल चालू असेल तर ते 522 सुद्धा राहत नाहीत. मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासून चढतं.

तुम्ही लिहिलंय, घरात सोनं आहे पण आई गहाण ठेवू देत नाही. कोल्हापुरात हे घरोघरी ऐकायला मिळतं, सोनं गहाण पडलं की अब्रू गेली. साफ चूक आहे हे. वर्षाला 42 टक्क्यांचं देणं डोक्यावर ठेवायचं आणि 10 टक्क्यांच्या कर्जाची लाज धरायची? 60,000 चं सोनेतारण 10 टक्क्यांनी घेतलं तर पहिल्या महिन्याचं व्याज 500, त्यावर जीएसटी नाही. आज भरताय तेच 3,000 भरत राहिलात तर 22 महिन्यांत मोकळे. आईंना हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवा.

गहाण ठेवायला कोल्हापुरी साज मात्र नेऊ नका. त्याच्या मण्यांत लाख भरलेली असते, सराफ ती वजनातून वजा करतो आणि हातात रक्कम कमी पडते. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचंही तेच. भरीव पाटल्या न्या. पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ वजन दोन्ही लिहून घ्या. कर्ज हप्त्याचं मागा. वर्षाअखेर एकरकमी फेडायचं घेतलंत आणि नूतनीकरण चुकलं, तर गोष्ट लिलावाच्या नोटिशीपर्यंत जाते.

कार्डाचे पैसे भरताना बिलावरचा आकडा भरून निघून येऊ नका. बिलाच्या तारखेपासून भरल्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. फोन करून त्या दिवसाची पूर्ण रक्कम विचारा. मग बंद करायचं तर लेखी अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर बँकेने 7 कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड ग्राहकाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे.

हे सगळं महिन्याला 3,000 नक्की सुटत असतील तरच. दूध बिलावर किंवा उसाच्या बिलावर घर चालत असेल तर हप्त्याची तारीख बिल जमा होण्याच्या नंतरची मागून घ्या.