मैदानावर गाळे, मग गाड्या कुठे?

प्रश्न : मैदानासाठी आरक्षित जागेवर व्यापारी संकुल बांधण्याचा ठराव आमच्या नगरपरिषदेने केला. आठवडे बाजाराला खेड्यांवरून येणाऱ्या गाड्या तिथेच लागतात. आता काही करता येईल का, आप्पा?
– एक वाचक, धुळे जिल्हा

उत्तर : येईल, पण लगेच हला. नुसत्या ठरावाने आरक्षण बदलत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार आधी सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवून सुनावणी द्यावी लागते, मग शासनाची मंजुरी. हरकतीला मुदत सूचनेपासून एक महिना. तेवढ्यात कापूस वेचणीत गुंतलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही, याचा मला फार राग येतो.

माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ठरावाची प्रत आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा, म्हणजे त्या जागेपुरता नकाशा, मागा. उत्तराची मुदत 30 दिवस, म्हणून त्यासाठी थांबू नका. सूचना निघाली की हरकत देऊन टाका. तिच्यात सर्व्हे नंबर, मैदानावर खेळणारी पोरं, बाजारच्या दिवशीच्या गाड्या, सगळं लिहा. फोटो जोडा. सुनावणी मागा. आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.